भातकापणी तोंडावर आली: ट्रॅक्टरच्या दिव्यांचे ब्रॅकेट आत्ताच बनवून घ्या

सप्टेंबर संपता संपता हळवं, म्हणजे लवकर पिकणारं, भात पिवळं पडू लागतं. पाठोपाठ निमगरवं येतं आणि गरवं नोव्हेंबरपर्यंत उभं असतं. गोराई-मनोरीपासून उत्तन आणि वसईपर्यंतच्या खाचरांत हे दोन महिने कसे जातात, हे नव्याने सांगायला नको. सकाळी दव सुकेपर्यंत विळा लावता येत नाही, दुपारनंतर परतीचा पाऊस कधी गाठेल याचा भरवसा नाही. कापलेलं भात भिजू न देता खळ्यावर आणायचं, मळायचं, आणि जमिनीतली ओल मोडायच्या आत वालासाठी रान तयार करायचं. दिवस मात्र आखडत जातो. नोव्हेंबरच्या शेवटी मुंबईत सहाच्या सुमारास सूर्य बुडालेला असतो. म्हणजे तास-दोन तास काम अंधारात होणारच. ट्रॅक्टरचा हेडलाइट पुढचं दाखवतो आणि आपलं काम असतं मागे, रोटाव्हेटरवर, ट्रॉलीवर, मळणी यंत्राच्या फिरत्या पट्ट्याशी.

मागे दिवा हवा हे सगळ्यांना पटतं. चुकतं ते दिवा कशावर बसवायचा तिथे. दोन वर्षांपूर्वी मी एका वेल्डिंगवाल्याकडून घाईघाईत ब्रॅकेट करून घेतला. मडगार्डला वेल्डिंगचा डाग मारून फूटभर लांब, 3 मिमी जाडीची पट्टी काढली आणि तिच्या टोकाला दिवा लावला. तिसऱ्या रात्री पट्टी वेल्डच्या मुळाशी तुटली. दिवा तारेवर लोंबकळत चाकाला घासला, तार सोलली आणि मडगार्डला चिकटून ठिणग्या उडाल्या. मागे ट्रॉलीत सुके भारे होते आणि तारेवर फ्यूज नव्हता. मुलाने उडी मारून बॅटरीची तार उपटली म्हणून निभावलं. तेव्हापासून या एवढ्याशा लोखंडाच्या तुकड्याकडे मी फार गंभीरपणे बघतो.

माझा दिवा जेमतेम अर्ध्या किलोचा होता, म्हणजे वजनाने काही तुटलं नव्हतं. तोडलं ते थरथरीने. इंजिन तासन्‌तास पट्टीला हलवत राहतं आणि वेल्डच्या कडेला केसाएवढी चीर पडून ती वाढत जाते. पट्टी जितकी लांब, तितकी ती जास्त झुलते. लांबी दुप्पट केली तर तेवढ्याच वजनाला ती आठपट वाकते. जाडीचं उलटं आहे: 3 मिमीऐवजी 5 मिमी घेतली की ताठपणा साडेचार पटींहून जास्त होतो. आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांच्या ध्यानात येत नाही. 40 बाय 5 मिमीची पट्टी आडवी ठेवण्याऐवजी उभी, म्हणजे 40 ची बाजू वरखाली ठेवली, तर खाली वाकायच्या दिशेने ती 64 पट ताठ होते. पण डावीकडे-उजवीकडे ती तेवढीच लेचीपेची राहते. म्हणून दिवा बाहेर काढावाच लागत असेल तर सरळ 40 बाय 40 बाय 5 चा अँगल, म्हणजे काटकोनी पट्टी, वापरा, तो दोन्ही दिशांना तग धरतो. शक्यतो ब्रॅकेटचा हात वीतभराच्या आतच ठेवा आणि कोपऱ्यात त्रिकोणी आधारपट्टी द्या.

आता जागा. चालकाच्या मागे उभी कमान, म्हणजे रोल बार, असेल तर तिच्यासारखी जागा नाही, कारण ती उंच आणि भक्कम असते. पण तिला भोक पाडू नका आणि तिच्यावर वेल्डिंगही करू नका. ट्रॅक्टर उलटला तर तीच कमान जीव वाचवते. तिचं पोलाद आणि जोड ठराविक ताकदीचे असतात, एका भोकाने किंवा एका डागाने तिथे कच्ची जागा तयार होते. तिथे यू-बोल्ट किंवा दोन तुकड्यांची पकडपट्टी वापरा आणि आत सायकलच्या जुन्या ट्यूबचा एक पातळ थर द्या. जाड रबर घातलं तर ते दबत जातं आणि नट सैल पडतो. कमान नसेल तर मडगार्ड चालेल, मात्र त्याचा पत्रा पातळ असतो. खालून तळहाताएवढी 5 मिमीची प्लेट देऊन पत्रा ब्रॅकेट आणि प्लेटच्या मध्ये आवळा.

माप घेताना आधी पुठ्ठा कापा, लोखंडाची पाळी नंतर. जुन्या खोक्याचा ब्रॅकेट करून जागेवर धरा, दिवा त्यात अडकवून बघा, स्टिअरिंग पूर्ण फिरवा, अवजार वर-खाली करा, सीटवर बसून मान मागे वळवा. कुठे डोकं आपटतंय, कुठे दिव्याची धार डोळ्यावर येतेय, ते पुठ्ठ्यावरच कळतं. माप मिमीमध्ये लिहा. आपल्याकडे वेल्डिंगवाले अजून सुतात बोलतात आणि एक सूत म्हणजे सव्वातीन मिमीला जरा कमी. चार भोकांच्या मापात हा फरक साचला की बोल्ट बसत नाही. एकच माप, एकच भाषा ठरवून घ्या.

सामानासाठी मुंबईसारखं गाव नाही. दारूखान्यात पट्ट्या आणि अँगलचे कापलेले तुकडे वजनावर मिळतात, नट-बोल्टासाठी नागदेवी, वायर आणि स्विचसाठी लोहार चाळ. चार-सहा जण मिळून करणार असाल तर वसई पूर्वेला किंवा साकीनाक्याला लेझर कटिंग करून घेणं परवडतं, भोकंही तिथेच अचूक निघतात. फक्त भोक वाकवण्याच्या रेषेला चिकटून ठेवू नका, जाडीच्या निदान तिप्पट दूर ठेवा, नाहीतर वाकवताना ते अंडाकृती होतं. हाताने वाकवणार असाल तर व्हाइसमध्ये धरा आणि आतला कोपरा गोलसर ठेवा. करकरीत काटकोनात दुमडलेली पट्टी तिथेच चिरते.

वेल्डिंग ट्रॅक्टरवर लावून करू नका. ब्रॅकेट काढून टेबलावर घ्या. ट्रॅक्टरवरच करणं भाग असेल तर आधी बॅटरीची निगेटिव्ह तार सोडा, नाहीतर अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारं यंत्र) आणि एलईडी दिव्याचे डायोड जळू शकतात. अर्थची पकड कामाच्या अगदी जवळ लावा. आजूबाजूला पेंढा नको, पाण्याची बादली जवळ हवी. जस्त चढवलेला पाइप असेल तर वेल्डच्या जागेवरचं जस्त घासून काढा, त्याच्या धुराने ताप भरतो.

आपल्या किनाऱ्याची खारी हवा हा वेगळाच विषय आहे. घाटावर जो ब्रॅकेट पाच वर्षं टिकेल, तो गोराईत दोन पावसाळ्यांत पापुद्रे सोडतो. नुसता लाल रेड ऑक्साइड इथे पुरत नाही. सगळी भोकं पाडून, कडा घासून झाल्यावर झिंकवाला प्रायमर आणि त्यावर इपॉक्सी रंग द्या. भोकांच्या आतल्या बाजूलाही ब्रश फिरवा, गंज तिथूनच सुरू होतो. चौकोनी पाइप वापरलात तर टोकं बंद करून तळाला 6 मिमीचं भोक ठेवा, आत साचलेलं पाणी निघून जाईल. बोल्ट स्टेनलेसचे घ्या. मात्र दिव्याची बॉडी ॲल्युमिनियमची असते, ती स्टेनलेसला किंवा लोखंडाला थेट टेकली की खाऱ्या ओलाव्यात ॲल्युमिनियम झिजतं आणि पांढरी पूड धरते. मध्ये नायलॉनचा वॉशर टाका. नट नायलॉक, म्हणजे आत नायलॉनचं कडं असलेला, घ्या, थरथरीला साधा नट टिकत नाही.

तारेचं काम थोडक्यात सांगतो, पण ते टाळू नका. 18 वॅटचे चार दिवे म्हणजे 72 वॅट, 12 व्होल्टवर 6 अँपिअर. त्याला 10 अँपिअरचा फ्यूज, तोही बॅटरीपासून वीतभराच्या आत. मुख्य तार 2.5 चौरस मिमीची तांब्याची घ्या, आणि भार स्विचवर टाकण्याऐवजी रिलेवर, म्हणजे स्विचच्या इशाऱ्यावर मोठा प्रवाह चालू-बंद करणाऱ्या डबीवर, टाका. अर्थसाठी ब्रॅकेटवर विसंबू नका. रंग आणि गंजामुळे जोड कच्चा राहतो, वेगळी काळी तार बॅटरीपर्यंत न्या. तार नळीतून घ्या, सायलेन्सरपासून लांब, आणि दिव्याजवळ खाली एक झोल ठेवा म्हणजे पाणी तारेवरून आत न जाता झोलातून गळून जाईल. जुन्या ट्रॅक्टरवर नवा भार टाकण्याआधी अल्टरनेटरची क्षमता बघा. खोक्यावरचे वॅट नेहमी खरे नसतात, मल्टिमीटर लावून प्रत्यक्ष किती अँपिअर खेचतोय ते मोजा.

दिवा पसरट प्रकाशाचा घ्या, लांब झोताचा नको. अवजाराच्या मागे चार-पाच मीटरवर जमीन उजळेल असा खाली झुकवा. कोन एकदा ठरला की रंगाने खूण करून ठेवा. निळसर पांढऱ्या दिव्यापेक्षा पिवळसर दिवा मला बरा वाटतो, धुळीत आणि दवात डोळ्यांना कमी त्रास होतो आणि किडेही कमी झेपावतात. खोडकिडीचे पतंग दिव्याकडे येतातच, म्हणून उभ्या भाताजवळ ट्रॅक्टर थांबवून दिवे उगाच चालू ठेवू नका. बांधावर पाय ठेवण्याआधी मात्र दिवा जरूर टाका. भाताच्या उंदरांमागे घोणस येते आणि ती पेंढ्याच्या रंगात मिसळून जाते.

शेतातून डांबरी रस्त्याला लागलात की मागचे दिवे बंद. उत्तनच्या वळणांवर मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला तो पांढरा उजेड आंधळा करतो. विसरायला होत असेल तर स्विचजवळ लाल बत्ती लावा, दिवे चालू आहेत हे समोर दिसत राहील.

पहिल्या रात्रीच्या कामानंतर सगळे बोल्ट पुन्हा आवळा, मग दर आठवड्याला. वेल्डच्या कडेवर बोट फिरवा आणि रंगाला बारीक भेग दिसली तर खालच्या लोखंडालाही चीर पडली असं समजून ब्रॅकेट उतरवा. वाल पेरून झाला, कामं मोकळी झाली, की दिवे काढून गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसा, जोडांना पेट्रोलियम जेली लावा आणि घरात ठेवा. ब्रॅकेट ट्रॅक्टरवर राहिला तरी चालतो, जूनच्या आत त्याला रंगाचा एक हात द्यायचा आहे.