माळरानावरचा चिंकारा: परिसरासह प्राण्याचे छायाचित्र घेताना

पुणे जिल्ह्यातील सुपे गावाजवळचे मयूरेश्वर अभयारण्य अवघे ५.१४ चौरस किलोमीटरचे आहे, आणि तिथला चिंकारा, म्हणजे लहान चणीचे हरण, खांद्यापाशी जेमतेम ६५ सेंटिमीटर उंच भरतो. तांबूस-पिवळ्या अंगाचा हा प्राणी डिसेंबरात त्याच रंगाच्या वाळलेल्या गवतात उभा राहिला, की समोर दिसतो, पण छायाचित्रात हरवतो. समोर तो दिसतो याचे कारण त्याची काळी शेपटी सतत हलत असते. स्थिर चित्रात ती हालचाल उरत नाही. ही अडचण घरी संगणकावर बसून फारशी सुटत नाही. चिंकाऱ्याच्या मागे काय यावे, हे गाडी उभी करतानाच ठरवावे लागते.

त्यासाठी आधी रंग विसरून नुसता उजेड-अंधार पाहण्याची सवय लावावी. डोळे किंचित मिटून पाहणे हा जुना उपाय आहेच. मिररलेस (आत आरसा नसलेला) कॅमेरा असल्यास मात्र चित्रशैली कृष्णधवल करून ठेवावी. व्ह्यूफाइंडरमध्ये, म्हणजे डोळा लावून पाहायच्या खिडकीत, दृश्य कृष्णधवल दिसते आणि रॉ फाइलमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेल्या मूळ फाइलमध्ये, रंग शाबूत राहतात. असे पाहिल्यावर प्राणी आणि गवत एकाच करड्या छटेत मिसळले, तर जागा बदलण्यावाचून गत्यंतर नाही.

सकाळचे कोवळे ऊन आपल्या पाठीमागून प्राण्यावर पडले की छायाचित्र हमखास चांगले येते, असा समज आहे. पक्ष्याचा चेहरा जवळून टिपायचा असेल तर तो बराचसा खरा आहे. माळरानाच्या दृश्याला मात्र हा प्रकाश सपाट करून टाकतो, कारण प्रत्येक सावली वस्तूच्या मागे दडते. त्याऐवजी सूर्याकडे तोंड करून, पण सूर्य चौकटीबाहेर ठेवून उभे राहावे. पूर्वेकडे पाहताना टेकडीचा आपल्याकडे असलेला उतार पश्चिमेला तोंड करून असतो, म्हणून तो सकाळी काही काळ सावलीत राहतो. त्या गडद उतारासमोर चिंकारा आला, की मागून येणारे ऊन त्याच्या कानांच्या कडा, पाठीची रेघ आणि गवताची कुसळे उजळवते, आणि सारख्या रंगाचे दोघे वेगळे दिसू लागतात. मागचा भाग असा गडद असताना कॅमेऱ्याचे प्रकाशाचे मोजमाप चित्र गरजेपेक्षा उजळ करते. म्हणून एक्स्पोजर साधारण एक स्टॉपने कमी करावे, म्हणजे प्रकाश निम्मा करावा, आणि हिस्टोग्राममध्ये (उजेड-अंधाराच्या आलेखात) उजवी, म्हणजे उजळ बाजूची कड कापली जात नाही ना, हे पाहावे.

उंचीचा प्रश्नही इतकाच महत्त्वाचा आहे. एका जानेवारीत मला टेकाडावर उभा असलेला नर मिळाला होता. प्रकाश मनासारखा होता, शिंगांचा बाक स्वच्छ दिसत होता, आणि घरी आल्यावर लक्षात आले की क्षितिजाची रेषा नेमकी त्याच्या मानेतून गेली आहे. डोके आकाशात आणि धड गवतात, अशी ती कापलेली आकृती कोणत्याही सॉफ्टवेअरने जोडता येण्यासारखी नव्हती. लेन्स थोडी खाली घेतली असती, म्हणजे गाडीच्या छतावरून न टिपता खिडकीत लेन्स टेकवायला तांदळाची पिशवी ठेवून टिपले असते, तर खांद्यापासून वरचा सारा भाग आकाशावर उमटला असता. गाडी दहा फूट मागे-पुढे घेऊनही पार्श्वभूमी पार बदलते. मात्र वाट सोडायची नाही आणि चिंकारा मान वर करून रोखून पाहू लागला, की गाडी तिथेच थांबवायची.

चौकटीत प्राणी किती मोठा असावा याचा ठराविक नियम नाही. मला तो चौकटीच्या उंचीचा आठवा ते सहावा भाग असलेला आवडतो. १०० ते ४०० मिलिमीटरची लेन्स असेल तर ४०० ला चिकटून न राहता १५० च्या आसपास यावे आणि लेन्सचे छिद्र एफ ८ इतके लहान ठेवावे, म्हणजे मागचा हिवर हिवर म्हणून ओळखू येतो. ते झाड प्राण्याच्या विरुद्ध बाजूला आल्यास चौकट तोलली जाते. ते प्राण्याच्या डोक्यातून उगवल्यासारखे दिसू नये, एवढे जपावे. प्राणी ज्या दिशेला पाहतो त्या बाजूला जागा सोडावी, हे सर्वज्ञात आहे.

पावसाळ्यात हिरव्या गवतामुळे रंगांचा विरोध आयताच मिळतो. उन्हाळ्यात जमीन तापली की हवा थरथरू लागते आणि महागडी लेन्सही धूसर चित्र देते. तेव्हा सकाळी लवकर आटोपते घ्यावे.

संगणकावर मग थोडेच काम उरते. पूर्ण चित्राचा कॉन्ट्रास्ट वाढवल्यास गवताचे प्रत्येक पाते टोचू लागते, म्हणून मास्क करून, म्हणजे तेवढाच भाग निवडून, केवळ प्राणी अर्ध्या स्टॉपपर्यंत उजळावा आणि पुढचे गवत किंचित गडद करावे. गवत पिवळ्याकडे आणि चिंकारा नारिंगीकडे झुकतो; त्यामुळे पिवळ्या रंगाची उजळता थोडी उतरवली तरी दोघांत अंतर पडते. प्राण्याभोवती पांढरी कड दिसू लागली, की दोन पावले मागे यावे. शेवटी चित्र नखाएवढे लहान करून पाहावे. त्यात चिंकारा चटकन सापडला नाही, तर स्लायडर आणखी न ओढता त्याच सकाळच्या मागच्या-पुढच्या फाइल उघडाव्यात. एखाद्या चित्रात त्याने दोन पावले सावलीसमोर टाकलेली असतात.