सोटोसाठी सहा जण: जास्त की कमी? ट्रेडच्या वादात या चुका टाळा

जुलै उजाडला की मेजर लीग बेसबॉलच्या (उत्तर अमेरिकेतली अव्वल बेसबॉल लीग) चाहत्यांना ट्रेडशिवाय, म्हणजे संघांमधल्या खेळाडूंच्या अदलाबदलीशिवाय, दुसरा विषय सुचत नाही: कोण जाणार आणि त्याच्या बदल्यात कोणती पोरं द्यावी लागणार. वाद रंगतो, पण दोन्ही बाजू बहुतेकदा नावंच मोजत बसतात. संघ वेगळं मोजतात. खेळाडू आणखी किती हंगाम आपल्या ताब्यात राहील आणि त्या हंगामांचा पगार किती, यावर त्यांचा सौदा ठरतो.

उरलेले हंगाम न मोजणं

२ ऑगस्ट २०२२ रोजी वॉशिंग्टन नॅशनल्सनी हुआन सोटो आणि जॉश बेल सॅन डिएगो पाद्रेसना दिले. बदल्यात आले सीजे अब्राम्स, मॅकेन्झी गोर, जेम्स वूड, रॉबर्ट हॅसेल, हार्लिन सुसाना आणि ल्यूक व्हॉइट. सोटो तेव्हा २३ वर्षांचा होता आणि २०२४ संपेपर्यंत त्याच्यावर संघाचा हक्क होता, म्हणजे तीन पोस्टसीझन (हंगामानंतरच्या बाद फेऱ्या). डिसेंबर २०२३ मध्ये पाद्रेसनी त्यालाच ट्रेंट ग्रिशमसह न्यूयॉर्क यांकीजकडे पाठवलं. या वेळी मिळाले मायकल किंग, ड्रू थॉर्प, जॉनी ब्रिटो, रँडी व्हास्केझ आणि काइल हिगाशिओका. बॅट तीच, पण हातात उरला होता एकच हंगाम, आणि त्याचा पगार पुढे ३ कोटी १० लाख डॉलर ठरला. दोन सौद्यांची नावं शेजारी मांडून "पाद्रेस फसले" म्हणणाऱ्यांनी आधी हा हिशेब करावा.

त्यासाठी सर्व्हिस टाइम समजायला हवा. मेजर लीगच्या रोस्टरवर (संघाच्या खेळाडूंच्या यादीवर) १७२ दिवस भरले की एक वर्ष धरलं जातं. अशी सहा वर्षं झाली की फ्री एजन्सी, म्हणजे हव्या त्या संघाशी करार करण्याची मोकळीक. साधारण पहिली तीन वर्षं पगार किमान दराच्या आसपास (२०२५ मध्ये ७ लाख ६० हजार डॉलर), पुढची तीन आर्बिट्रेशनची (पगारावर एकमत न झाल्यास लवाद तो ठरवतो), चढत्या पगाराची. दोन ते तीन वर्षं भरलेल्यांपैकी वरच्या २२ टक्क्यांना आर्बिट्रेशन वर्षभर आधी मिळतं. त्यांना सुपर टू म्हणतात. एकेका दिवसाला किती किंमत आहे, हे शिकागो कब्जच्या क्रिस ब्रायंटकडे पाहून कळतं. २०१५ मध्ये त्याला १७ एप्रिलला मायनर लीगमधून (मेजर लीगखालच्या, तरुण घडवणाऱ्या लीगमधून) वर बोलावलं, दिवस भरले १७१, आणि फ्री एजन्सी आख्खं वर्ष पुढे गेली. त्याने दाद मागितली, पण २०२० मध्ये निकाल विरोधात गेला.

ढोबळ हिशेब असा करा. खेळाडू संघाला हंगामात किती जादा विजय मिळवून देतो, ते त्याच्या वॉर या आकड्यावरून (साध्या बदली खेळाडूच्या तुलनेतले जादा विजय) घ्या. एका विजयाचा भाव समजा ८० लाख डॉलर. तीन विजयांचे २ कोटी ४० लाख होतात. पगार दीड कोटी असेल तर हंगामाला ९० लाखांची शिल्लक. तिला उरलेल्या हंगामांनी गुणा. तरुण खेळाडूसाठीही हीच रीत, फक्त तो मुळात मेजर लीगमध्ये टिकेल याची शक्यता धरून आकडा कापा. चाहते नेमकं हे कापणं विसरतात आणि आपल्या प्रत्येक पोराला ऑल-स्टार धरून चालतात.

पगाराचा काही भाग कोण भरतंय, तेही पाहा. २०२३ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्क मेट्सनी मॅक्स शेरझरला टेक्सासला देताना त्याच्या उरलेल्या पगारातले सुमारे ३ कोटी ५० लाख डॉलर स्वतः भरले, म्हणून लुईसअँगेल अकुन्यासारखा तरुण मिळाला. पैसे भरून प्रॉस्पेक्ट (होतकरू तरुण खेळाडू) विकत घेणं ते हेच.

पाच साधे मिळून एक तारा

हा चाहत्यांचा लाडका प्रस्ताव: "आमच्या प्रॉस्पेक्टमधले आठवा ते बारावा घ्या, तुमचा एस पिचर (अव्वल गोलंदाज) द्या." चिल्लर कितीही गोळा केली तरी इथे ती नोट होत नाही, कारण मैदानावरच्या जागा मोजक्या: सक्रिय रोस्टर २६, राखीव यादी ४०. शिवाय १८ किंवा त्याआधी करारबद्ध झालेल्या मुलाला पाच हंगामांत, त्यापेक्षा मोठ्याला चार हंगामांत ४० च्या यादीत घ्यावं लागतं. नाहीतर रूल फाइव्ह ड्राफ्टमध्ये (यादीबाहेरचे खेळाडू निवडण्याची फेरी) दुसरा संघ उचलू शकतो. नोव्हेंबरपर्यंत ज्यांना यादीत घ्यावंच लागणार, अशी चार मुलं समोरच्या संघाला डोईजड होतात. प्रस्ताव मांडण्याआधी प्रत्येकाची ही तारीख आणि मायनर लीगमध्ये परत पाठवण्याचे किती ऑप्शन शिल्लक आहेत (कमाल तीन हंगाम), हे तपासा.

शंभरांच्या यादीवर विसंबणं

प्रॉस्पेक्टच्या टॉप १०० यादीतला ४० वा आणि ९० वा यांच्यात बऱ्याचदा फारसा फरक नसतो. क्रमांकाऐवजी २० ते ८० च्या मापावरचा दर्जा बघा. ५० म्हणजे मेजर लीगचा सरासरी खेळाडू, आणि सरासरी म्हणजे टाकाऊ नव्हे. यादीबाहेरच्यांनाही हसू नका. २०१६ मध्ये शिकागो व्हाइट सॉक्सनी जेम्स शील्ड्ससाठी फर्नांडो टाटिस ज्युनियर दिला, तर लॉस एंजेलिस डॉजर्सनी जॉश फील्ड्ससाठी योर्डान अल्वारेझ. तोवर दोघेही मायनर लीगमध्ये एकही सामना खेळले नव्हते.

मायनर लीगचे आकडे जसेच्या तसे वाचणं

१९९० मध्ये जेफ बॅगवेलने डबल-ए मध्ये (मायनर लीगची वरून दुसरी पातळी) ०.३३३ सरासरी राखली, पण होमरन फक्त चार. बोस्टनकडे त्याच्या थर्ड बेसवर वेड बॉग्स होता, म्हणून रिलीव्हर (सामन्यात नंतर येणारा पिचर) लॅरी अँडरसनसाठी तो ह्यूस्टनला गेला आणि मेजर लीगमध्ये ४४९ होमरन मारून हॉल ऑफ फेममध्ये पोहोचला. उलट टोक ट्रिपल-ए चं (मायनर लीगची सर्वांत वरची पातळी): अल्बुकर्की सुमारे १५०० मीटर उंचीवर आहे, विरळ हवेत चेंडू लांब जातो, तिथले फलंदाजीचे आकडे फुगलेले असतात. त्यामुळे आधी वय बघा, त्या पातळीच्या सरासरी वयापेक्षा मुलगा लहान आहे का. मग स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) आणि वॉकचं (चार चुकीच्या चेंडूंवर मिळणारा पहिला बेस) प्रमाण. ट्रिपल-ए चा फलंदाज असेल तर चेंडू बॅटवरून किती वेगाने सुटतो, तेही २०२३ पासून खुलं आहे. पिचर असेल तर कोपराचा आणि खांद्याचा इतिहास सगळ्यात आधी.

"ठरलं" म्हणजे झालं असं समजणं

२९ जुलै २०१५ च्या रात्री मेट्सचा विल्मर फ्लोरेस मैदानावर रडताना साऱ्या देशाने पाहिला. कार्लोस गोमेझसाठी त्याचा ट्रेड झाल्याची बातमी स्टेडियमभर पसरली होती. गोमेझच्या वैद्यकीय अहवालावर सौदा मोडला. दोन दिवसांनी मेट्सनी मायकल फुल्मर आणि लुईस सेसा देऊन योएनिस सेस्पेडेस आणला. सोटोच्या सौद्यातही आधी व्हॉइट नव्हता. एरिक हॉस्मरने करारातल्या कलमाच्या जोरावर वॉशिंग्टनला जायला नकार दिला, म्हणून त्याच्या जागी तो आला. दहा वर्षं मेजर लीगमध्ये आणि त्यातली शेवटची सलग पाच त्याच संघात काढलेला खेळाडू तर कलम नसतानाही नकार देऊ शकतो.

"चौकशी केली", "रस आहे" या बातम्या जवळपास प्रत्येक संघाबद्दल खऱ्या असतात, त्यांवर मीम बनवण्यापलीकडे काही करू नये. नामांकित वार्ताहरांच्या नावाची बनावट खाती डेडलाइनच्या (ट्रेड करण्याची अंतिम मुदत) दिवशी हमखास उगवतात. हँडल अक्षर-अक्षर वाचा.

किरकोळ, पण नेहमीचं

नवोदितांच्या ड्राफ्टमधल्या निवडी, कॉम्पिटिटिव्ह बॅलन्सच्या (छोट्या संघांना मिळणाऱ्या जादा निवडी) सोडल्या तर, ट्रेड करता येत नाहीत. यंदा ड्राफ्ट झालेला मुलगाही वर्ल्ड सिरीज संपेपर्यंत जागचा हलत नाही. आयपीएलच्या सवयीने "नुसते पैसे देऊन घ्या" म्हणू नका; १९७६ मध्ये ओकलंडने रॉली फिंगर्स, जो रूडी आणि व्हायडा ब्लू यांना रोख रकमेला विकलं, तेव्हा कमिशनरनी ते व्यवहार रद्द केले होते.

सौद्यात "नंतर जाहीर होणारा खेळाडू" असेल तर तो सहा महिन्यांपर्यंत ठरू शकतो. २०१८ मध्ये क्रिस आर्चरसाठी टॅम्पा बेला टायलर ग्लासनाउ आणि ऑस्टिन मेडोज मिळाल्यावर लोकांनी निकाल देऊन टाकला. शेन बॅझचं नाव आलं दोन आठवड्यांनी. आणि डेडलाइन पूर्व अमेरिकेच्या संध्याकाळी सहाची असली तर भारतात ते पहाटेचे साडेतीन. वेळेत नोंदवलेले सौदे त्यानंतरही काही काळ जाहीर होत राहतात, तेव्हा ३:३१ ला "आमच्या संघाने काहीच केलं नाही" असं लिहू नका.