जत्रेला नाटक बसवताय? आधी संहिता नीट वाचा

गोव्यात जत्रा जवळ आली की देवळापुढच्या नाटकाचं पात्रवाटप लगेच सुरू होतं, पण प्लीज त्याआधी सगळ्यांनी एकत्र बसून अख्खी संहिता मोठ्याने वाचा, नाटक कानाने जास्त कळतं. कथेत लेखक सरळ सांगतो की माणूस घाबरला, नाटकात मात्र ते संवादातून नाहीतर कृतीतून दिसावं लागतं. म्हणून प्रत्येक प्रवेशाला विचारा, कोणाला काय हवंय आणि आड कोण येतंय? हा संघर्षच सापडला नाही तर सेटवर कितीही पैसे घाला, प्रेक्षक उठून फेरीत, म्हणजे जत्रेतल्या दुकानांवर, खाजं घ्यायला जाणार.

कंसातल्या सूचना पण वाचा.

मग अभिनय. भरताच्या नाट्यशास्त्रात त्याचे चार प्रकार दिलेत: आंगिक म्हणजे शरीराच्या हालचाली, वाचिक म्हणजे बोलणं, आहार्य म्हणजे वेशभूषा-रंगभूषा, आणि सात्त्विक म्हणजे आतून येणारा भाव. नुसतं माईकजवळ उभं राहून संवाद म्हणणं मला अजिबात पटत नाही, त्यात आंगिक मरतं. त्यापेक्षा स्टेजचं माप खडूने जमिनीवर आखा, पहिल्यापासून त्यातच हालचाली बसवा आणि रंगीत तालमीला कपडे, लाइट, म्युझिक सगळं घ्याच.