अनोळखी झुडपाला नाव द्यायची घाई: या चुका टाळा

‘हे कसलं झाड?’ असं विचारणारे बहुतेक जण एक खुडलेलं पान पुढे करतात. पुष्कळदा ते अख्खं पानही नसतं. गुलाब आठवा. आपण ज्याला पान म्हणतो ती खरं तर पर्णिका, आणि एका देठावरच्या अशा पाच-सात पर्णिका मिळून गुलाबाचं एक पान होतं. पानाचा देठ फांदीला चिकटतो त्या बेचक्यात डोळा, म्हणजे नव्या फुटव्याचा बारीक कोंब असतो, पर्णिकेच्या बुडाशी नसतो. म्हणून मी आधी डोळा शोधते. त्याच्या पुढे देठावर जे काही आहे ते सगळं एक पान. मग पानं समोरासमोर आहेत की एकाआड एक, ते बघते. हे न बघता पानाच्या आकारावरून नाव शोधत बसलात तर दिवस फुकट जाईल.

वीतभर डहाळी आणा, एवढंच माझं मागणं आहे. तगर आणि मोगरा, दोघांची फुलं पांढरी, पानं समोरासमोर. पण तगरीचं पान तोडलं की पांढरा चीक येतो, मोगऱ्याला येत नाही. कण्हेरीला एका पेरावर, म्हणजे पानं फुटतात त्या सांध्यावर, बहुधा तीन पानं असतात, तर पिवळी कण्हेर म्हणतात त्या बिट्टीला एकेक. ही दोन्ही झाडं सर्वांगाने विषारी आहेत, त्यामुळे पान चाखून ओळखायचं धाडस कुणीही करू नये. चीक हाताला लागला तर लगेच धुवा.

चौकोनी खोड दिसलं की लगेच तुळशीचं कुळ म्हणू नका, घाणेरीचं खोडही चौकोनी असतं. बोगनवेलीच्या रंगीत ‘पाकळ्या’ पाकळ्या नसतात, खरं फूल आतली बारीक नळी. आणि ज्याला फूल यावं असं वाटतं त्याची दर महिन्याला छाटणी करू नका.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे न थांबणं. जुनी बाग ताब्यात आली की लोक पहिल्याच आठवड्यात कुदळ घेतात. मीही घेतली होती. हिवाळा होता, भिंतीलगतचा एक कोपरा अगदी रिकामा. खणताना मुळांना लोंबणाऱ्या गोल गाठी लागल्या. तणाच्या असतील म्हणून टोपलीभर फेकून दिल्या. उन्हाळ्यात त्याच जागी, एकही पान नसताना, मातीतून थेट जांभळट-पांढरं फूल वर आलं. भुईचाफा! एक गड्डा कुदळीतून वाचला होता. पावसाळ्यात पानं आली, वरून चितारल्यासारखी, खालून जांभळी, आणि थंडीत पुन्हा सगळं नाहीसं झालं. फेकलेल्या गाठी आजही डोळ्यांपुढे येतात. तेव्हापासून नव्या बागेत मी तिन्ही ऋतू बघितल्याशिवाय काही उपटत नाही. रिकाम्या जागेत काठी रोवते आणि वहीत तारीख टाकून काय उगवलं ते लिहिते. वर्षभर थांबायचा धीर नसेल तर निदान कुदळ तरी लांब ठेवा.

आणि नुसतं ‘चाफा आहे’ म्हणून समाधान मानू नका. सोनचाफा, हिरवा चाफा, पांढरा चाफा, नागचाफा, भुईचाफा ही पाच वेगवेगळ्या कुळांतली झाडं आहेत. भुईचाफा तर हळदीच्या कुळातला. काळजी कशी घ्यायची ते शोधायचं असेल तर शास्त्रीय नाव लागतंच.

मोबाईलचं ॲप वापरा, पण त्याने दिलेलं पहिलं नाव खरं धरू नका. अख्खं झुडूप, डहाळीचं पेर, पानाची मागची बाजू, फूल समोरून आणि बाजूने, एवढे फोटो घ्या. मग सुचवलेल्या प्रत्येक नावाची पानं फांदीवर कशी लागतात ते पडताळा. नाव पक्कं होईपर्यंत माझ्या पाटीवर ‘कुंपणाजवळचं, समोरासमोर पानं, चीक नाही’ एवढंच असतं. कधीकधी ती पाटी दोन वर्षं तशीच राहते.