गळाच्या माशीसाठी कोंबडा कसा निवडायचा

पन्हाळ्याच्या पायथ्याला आमचं खुराडं. लोक विचारतात, "रश्श्याला कधी?" अहो, हा कोंबडा पिसांचा! ट्राउट मासा पकडायला गळावर नकली माशी बांधतात, तिला ही मानेची अन् पाठीची पिसं लागतात.

निवड करताना वजन बघूच नका. कोंबडा दहा-अकरा महिन्यांचा झाला, पिसं पुरती पिकली, की पाठीवरचं एक पीस उपटा आणि बोटावर गुंडाळा. दांडी मऊ हवी, पिळली तर मोडता कामा नये. तंतू ताठ, दाट आणि टोकापर्यंत सारख्या लांबीचे हवेत. बुडाशी जी कापसासारखी जाळी असते ती जितकी कमी तितकं बरं, कारण ती पाणी पिते आणि माशी बुडते. तंतू गळाच्या तोंडाच्या, म्हणजे टोक आणि दांड्यामधल्या अंतराच्या, साधारण दीडपट भरले की माप जमलं.

खरी गोची पैदाशीची कोंबडी निवडताना. तिला अशी लांब पिसं येतच नाहीत. म्हणून तिच्या नर पोरांच्या पिसांवरून तिची परीक्षा. प्रत्येक अंड्यावर आईचा नंबर पेन्सिलीनं लिहा. मी पहिल्या वर्षी लिहिला नाही, सगळा गोंधळ!

पिसं भरायला लागली की नर एकमेकांपासून वेगळे ठेवा. एका भांडणात वर्षाची कमाई जाते.

आणि राधानगरीच्या जंगलातल्या राखी रानकोंबड्याकडे बघायचंही नाही. त्याच्या मानेची ठिपकेदार पिसं जगभर नावाजलेली, पण कायद्यानं शिकार बंद आहे.