पहिल्या घराचं गणित: आधी हप्ता ठरवा, मग घर शोधा

पहिलं घर घेणारे बरेच जण उलट्या क्रमाने जातात. आधी घर पसंत पडतं, मग बँक किती कर्ज देईल याची चौकशी होते आणि महिन्याचा हप्ता किती बसेल हे सगळ्यात शेवटी कळतं. तोवर मन घरात गुंतलेलं असतं. हप्ता जड आहे हे दिसत असूनही मुदत पाच-दहा वर्षांनी ताणून तो कसाबसा बसवला जातो. खरं तर झेपणारा हप्ता आधी ठरवायला हवा. त्यावरून कर्जाची रक्कम निघते, त्यात स्वतःची बचत मिळवली की घराची किंमत निघते, आणि मगच घर शोधायला बाहेर पडायचं.

झेपणारा हप्ता कसा काढायचा

हातात पडणारा पगार धरा, कपातीआधीचा नको. घर, गाडी, शिक्षण, फोन अशा सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून या पगाराच्या 35 टक्क्यांच्या आत राहायला हवेत. बँक अनेकदा याहून जास्त मंजूर करते. कर्ज वसूल होईल का, हे ती पाहते. उरलेल्या पैशांत तुमचा महिना कसा निघेल, हा तिचा प्रश्न नसतो. म्हणून मंजूर झालेली रक्कम पूर्ण उचललीच पाहिजे असं नाही.

आकडा कागदावर बसला की सहा महिने रंगीत तालीम करा. होणारा हप्ता, त्यात घराची देखभाल आणि घराचा कर मिळवा, त्यातून सध्याचं भाडं वजा करा. उरेल ती रक्कम पगाराच्याच दिवशी वेगळ्या खात्यात टाका आणि तिला हात लावू नका. चौथ्या-पाचव्या महिन्यात त्या खात्यातून पैसे काढावे लागले, तर हप्ता मोठा आहे हे कर्ज घेण्याआधीच कळलं. जमलं, तर बचतीत सहा महिन्यांची भर पडली. दोघं मिळून घर घेत असाल तर आणखी एक हिशोब करा: एकाचाच पगार वर्षभर चालू राहिला तर हप्ता निघेल का? मूल, आजारपण, नोकरीतला खंड, हे सगळं वीस वर्षांत कधी ना कधी येतंच.

किती साठवायचं

बँक सहसा पूर्ण किंमत देत नाही. किमतीच्या 20 टक्के स्वतःकडचे धरून चाला. त्याशिवाय नोंदणीचा खर्च आणि कर, वकील, मूल्यांकन, कर्जाचं प्रक्रिया शुल्क, सामान हलवणं, किरकोळ दुरुस्ती असा वरखर्च येतो. तो जागेनुसार बदलतो. इथे हिशोबापुरता 8 टक्के धरू. म्हणजे किंमत 100 असेल तर 28 हातात हवेत.

पण हे आजच्या किमतीवर झालं. घर पाच वर्षांनी घ्यायचं असेल आणि किंमत वर्षाला 5 टक्क्यांनी वाढली, तर 100 चं घर साधारण 127.6 ला जातं आणि 28 चे जवळपास 36 होतात. बचतीवर वर्षाला 6 टक्के मिळत असतील, तर त्यासाठी दर महिन्याला आजच्या किमतीच्या सुमारे अर्धा टक्का बाजूला टाकावा लागतो. हा अर्धा टक्का पगारातून निघतच नसेल तर घर लहान बघा किंवा मुदत वाढवा. पैसे जास्त जोखमीच्या जागी टाकून ही तूट भरून काढायला जाऊ नका.

तीन वर्षांच्या आत लागणारा पैसा आवर्ती ठेव, मुदत ठेव अशा ठिकाणीच असावा. शेअर बाजारात 30 टक्के घसरण झाली तर मूळ रकमेवर परत यायला 43 टक्के वाढ लागते, आणि घराचा व्यवहार तोवर थांबत नाही. पाचहून जास्त वर्षं हाताशी असतील तर थोडा भाग शेअर फंडांत ठेवायला हरकत नाही. मात्र शेवटची तीन वर्षं उरली की तो टप्प्याटप्प्याने ठेवींत हलवत न्या. ठेवींच्या तारखाही पाहा. पैसे द्यायचा दिवस आला आणि ठेव चार महिन्यांनी पिकणार असेल तर ती मोडावी लागते आणि व्याज बुडतं.

अडीअडचणीसाठीचा निधी या 28 मध्ये धरायचा नाही. घरखर्च आणि हप्ता मिळून सहा महिन्यांची रक्कम घर ताब्यात आल्यानंतरही शिल्लक असली पाहिजे. असलेली पै न पै डाउन पेमेंटमध्ये ओतून पहिल्याच दुरुस्तीला क्रेडिट कार्डावर उधारी करणं हा फार महागात पडणारा प्रकार आहे.

हप्त्याच्या पोटात काय असतं

एक लाखाचं कर्ज, 8 टक्के व्याज, 20 वर्षं मुदत, तर हप्ता 836 येतो. पहिल्या महिन्यात त्यातले 667 व्याजात जातात आणि मुद्दल फिटतं फक्त 169. पाच वर्षं नियमित हप्ते भरून तुम्ही 50 हजारांहून थोडे जास्त दिलेले असतात, पण कर्ज अजून साडेसत्त्याऐंशी हजार बाकी असतं. निम्मं मुद्दल फिटायला साडेतेरा वर्षांहून थोडा जास्त काळ लागतो. यात कुणी फसवलेलं नसतं. व्याज शिल्लक मुद्दलावर लागतं आणि सुरुवातीला शिल्लकच सर्वांत मोठी असते. म्हणूनच तीन-चार वर्षांत शहर बदलायची शक्यता असेल तर कर्ज काढून घर घेण्याची घाई करू नये: मुद्दल जेमतेम फिटलेलं असतं आणि वरखर्च वाया गेलेला असतो.

हेच कर्ज 30 वर्षांसाठी घेतलं तर हप्ता 734 वर येतो. महिन्याला वाचले 102. एकूण व्याज मात्र एक लाखावरून एक लाख 64 हजारांवर जातं. 15 वर्षांत फेडलं तर हप्ता 956 आणि व्याज 72 हजार.

लांब मुदतीची खरी अडचण दर वाढल्यावर समोर येते. व्याजदर बदलता असेल तर दर चढल्यावर अनेक बँका हप्ता तोच ठेवून मुदत वाढवतात. हप्ता तोच दिसतो, म्हणून कुणाचं लक्ष जात नाही. वरच्या 20 वर्षांच्या कर्जात सुरुवातीलाच दर 8 वरून 9 टक्के झाला आणि हप्ता 836 च राहिला, तर 240 हप्त्यांचे 304 होतात, म्हणजे पाच वर्षांहून जास्त भर. तीस वर्षांच्या कर्जात तर 9 टक्क्यांनी महिन्याचं व्याजच 750 होतं आणि हप्ता आहे 734. म्हणजे दर महिन्याला हप्ता भरूनही कर्ज वाढत जातं. दरबदलाचं पत्र किंवा संदेश आला की त्याच आठवड्यात बँकेकडून परतफेडीचा नवा तक्ता मागवा आणि शक्य असेल तर हप्ता वाढवून घ्या. कर्ज ठरवतानाच दोन टक्के जास्त दराने हप्ता काढून बघा. तोही झेपत असेल तरच ती रक्कम उचला.

अर्ज करण्याआधी

आपला क्रेडिट अहवाल अर्जाच्या किमान सहा महिने आधी काढून वाचा. फेडलेलं कर्ज थकीत दिसणं, दुसऱ्याचं खातं आपल्या नावावर चढणं अशा चुका दुरुस्त व्हायला वेळ लागतो. मित्राला जामीन राहिला असाल तर त्याचं कर्जही तुमच्या क्षमतेतून वजा होऊ शकतं. या काळात नवीन गाडी, हप्त्यावरचा फोन, नोकरीची अदलाबदल टाळलेलीच बरी. एकाच महिन्यात पाच-सहा बँकांत अर्ज टाकू नका. आधी तोंडी चौकशी करा आणि मग दोन ठिकाणीच अर्ज द्या.

बँकांची तुलना नुसत्या दरावर होत नाही. दर कशाशी बांधलेला आहे, किती महिन्यांनी बदलतो, मुदतीआधी पैसे भरले तर दंड आहे का, हे लेखी घ्या. कर्जासोबत विम्याची पॉलिसी पुढे केली जाते. तिचा एकरकमी हप्ता कर्जातच मिळवला तर त्यावरही वीस वर्षं व्याज भरावं लागतं. कर्जाइतक्या रकमेचा साधा मुदत विमा स्वतंत्रपणे घेऊन दोन्हींचा खर्च ताडून बघा.

सगळ्यात जास्त व्यवहार अडकतात ते मूल्यांकनावर. बँक कर्ज काढते ते करारातली किंमत आणि तिच्या मूल्यांककाने ठरवलेली किंमत यांतल्या कमी आकड्यावर. सौदा 100 ला ठरला, मूल्यांकन 92 आलं, तर 80 टक्के म्हणजे 73.6. तुमच्या वाट्याला 20 ऐवजी 26.4 येतात, तेही काही दिवसांत. म्हणून इसार देतानाच कागदावर लिहून घ्या: कर्ज नामंजूर झालं किंवा ठरल्याहून कमी मिळालं तर इसार परत. समोरचा हे लिहायला तयार नसेल तर इसाराची रक्कम अगदी लहान ठेवा.

आईवडिलांनी पैसे दिले तर ती भेट आहे की उसने, हे साध्या कागदावर लिहून सही घ्या. बँक रकमेचा स्रोत विचारतेच, आणि भावंडांतही पुढे वाद राहत नाही. दोघांच्या नावावर घर असेल तर कुणी किती घातले आणि हिस्सा किती, हे खरेदीखतातच यायला हवं.

कर्ज सुरू झाल्यावर

वर्षाला एक हप्ता जास्तीचा भरला तर वरचं 20 वर्षांचं कर्ज तीन वर्षांहून अधिक लवकर फिटतं. हे जितकं आधी सुरू कराल तितका फायदा मोठा. जास्तीचे पैसे भरताना मात्र अर्जात स्पष्ट लिहा की हप्ता तोच ठेवून मुदत कमी करावी. तसं न लिहिल्यास काही बँका हप्ता कमी करतात आणि मुदत आहे तेवढीच राहते. पैसे भरल्यावर आठवड्याभरात नवा तक्ता काढून शेवटच्या हप्त्याची तारीख अलीकडे आली आहे का, ते तपासा.