पांढरीवर उन्हाळा काढायचा तर

उत्खननाचा हंगाम एरवी थंडीतला. पण परवाना हातात पडायला उशीर होतो, टेकाडावर कुणाचा तरी गहू-हरभरा उभा असतो, मुलांच्या परीक्षा एप्रिलपर्यंत लांबतात, आणि मग ऐन चैत्र-वैशाखात कुदळ पडते. पहिल्यांदा येणारी मुलं विचारतात, ‘ताई, बॅगेत काय काय घेऊ?’ त्यांनी आधीच केलेली यादी टोपी, गॉगल, सनस्क्रीनपाशी संपलेली असते. ते सगळं घ्याच. पण उन्हाचा त्रास तुमच्याइतकाच मातीलाही होतो. तुम्ही ताक पिऊन संध्याकाळी पुन्हा उभे राहाल, दुपारच्या उन्हात भेगाळलेलं हाड मात्र पुन्हा सांधत नाही. म्हणून निम्मी बॅग मातीसाठी भरा.

मी बोलतेय ते आपल्याकडच्या नदीकाठच्या ताम्रपाषाणयुगीन, म्हणजे तांब्याची आणि दगडाची हत्यारं बरोबरीने वापरली जात त्या काळातल्या गावांबद्दल. प्रवरेवरचं जोर्वे आणि दायमाबाद, घोड नदीवरचं इनामगाव, ही त्यातली प्रसिद्ध नावं. शेताची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी, हे आपल्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. शेकडो वर्षांची राख, शेण, पडलेल्या भिंतींची माती मुरून ती पांढरट झालेली असते. थंडीत सकाळी दव असतं तेव्हा ही पांढर बोलते: चुलीची लालसर माती वेगळी, राखेचा पट्टा वेगळा, सारवलेली जमीन वेगळी. मे महिन्यात खरवडलेला पृष्ठभाग बघता बघता वाळतो आणि सगळं एकाच राखाडी रंगाचं होतं. माझ्या पहिल्या उन्हाळ्यात मी अशीच एका घराची जमीन खरवडून काढली. सकाळी तिच्यावर काळसर गोल ठिपके दिसले होते, ‘जेवून आल्यावर काढू चित्र’ म्हटलं. जेवून आले तर ठिपकेच नाहीत. ते खांबांचे खड्डे होते. कुडाच्या घरात भिंत सापडत नाही, ठिपक्यांच्या रांगेवरूनच घर गोल होतं की चौकोनी ते कळतं, आणि मी ती रांग जेवणापायी घालवली होती.

तेव्हापासून माझ्या यादीत पहिला येतो माळ्याचा हातफवारा. दोन लिटरचा पुरतो, पण नवाकोरा घ्या. शेतावरचा पंप कुणी आपुलकीने देऊ केला तरी नको, त्यात औषधाचा अंश असतो. बारीक तुषार मारायचे, मिनिटभर थांबायचं, मग थरांच्या कडा थापीच्या टोकाने लगेच कोरून घ्यायच्या. फोटो सूर्य वर यायच्या आत काढायचा. उशीर झालाच तर ट्रेंचवर, म्हणजे आखून खणलेल्या चौकोनी खड्ड्यावर, सावलीसाठी पांढरी चादर धरायला चार जण लागतात, म्हणून एक जुनी डबल चादर घरून आणा. मात्र जिथून कोळसा किंवा हाडाचा नमुना घ्यायचा आहे तिथे फवारा मारू नका.

अवजारं बहुतेक कॅम्पवर मिळतात: कुदळ, फावडं, घमेली, खुरपी, खुंट्या, ओळंबा, लेव्हल. तरी गवंड्याची एक लहान टोकदार थापी स्वतःची असावी. दुसऱ्याच्या थापीला दुसऱ्याच्या हाताचं वळण असतं. रंगाऱ्याचे दोन ब्रश, बांबूच्या तासलेल्या काड्या (हाडाजवळ लोखंड नेत नाहीत), पाच मीटरची टेप, आलेख कागद, आणि पेन्सिली. पेन नको. घामाचा एक थेंब पानावर पडला की शाईच्या नोंदी वाहून जातात. पिशव्यांवर मार्करने लिहितात तेही उन्हात फिकं पडतं. एका हंगामात सात-आठ पिशव्या अशा निनावी झाल्या आणि त्या खापरांना ना ट्रेंच राहिला, ना थर. म्हणून पुठ्ठ्याच्या चिठ्ठीवर पेन्सिलीने जागेचं नाव, ट्रेंच, थर, खोली, तारीख लिहून ती पिशवीच्या आतही टाका.

कपड्यांचं फार सांगत नाही. पूर्ण बाह्यांचे सुती, सैल, जुने. पायात बूट, चप्पल नाही. डोक्याला टोपीपेक्षा ओला पंचा बरा. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन या, ओआरएसची पाकिटं आणा, आणि तहान लागायची वाट न बघता पाणी प्या.

विंचवाचं मात्र गंभीरपणे घ्या. रात्री झाकलेली ताडपत्री सकाळी उचलताना तिच्याखाली विंचू नाहीतर फुरसं असू शकतं, म्हणून आधी काठीने हलवायची, बूट झटकून घालायचे, रात्री टॉर्चशिवाय बाहेर पडायचं नाही. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिन वापरायला सुरुवात केली आणि त्यातून कितीतरी जीव वाचले. ते औषध आणि सर्पदंशाची लस जवळच्या कोणत्या दवाखान्यात आहे, आणि रात्री तिथे न्यायला गाडी कोणाची, हे कॅम्पप्रमुखाने पहिल्याच दिवशी विचारून लिहून ठेवायचं. त्याने विचारलं नसेल तर तुम्ही विचारा.

हाडांसाठी सावली लागते. इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं, तेव्हा घरांच्या जमिनीखाली लहान मुलांची दफनं मिळाली: दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली आणि आत इवलीशी हाडं. असं काही तुमच्या ट्रेंचमध्ये निघालं तर आधी मांडव, मग ब्रश. चार बांबू, हिरवी शेडनेट आणि सुतळी तयार ठेवा. हाड उघडं पडल्यावर बांबू शोधायला गावात जाऊ नये. डीएनएसाठी नमुना घ्यायचा असेल तर हातमोजे आणि मास्क लागतो, आणि त्या उकाड्यात मास्क नकोसा होतो हे खरं, तरी घाला. कोळशाच्या तुकड्यासाठी चिमटा आणि ॲल्युमिनियमची फॉइल. हाताने उचलू नका, आणि शेजारी कुणी विडी ओढत असेल तर मामांना हसून लांब पाठवा.

आता पाण्याचा अवघड भाग. जळालेले दाणे मिळवायला थरातली माती पाण्यात सोडतात. जव, मसूर वर तरंगतात, ते बारीक चाळणीवर गोळा करतात. एका दिवसाला दोन-दोन पिंपं सहज लागतात. ज्या गावात मे महिन्यात टँकर येतो आणि बायका हंडे घेऊन रांगेत असतात, तिथे तीन हजार वर्षांपूर्वीच्या जवासाठी पिंपं भरणं मला जमत नाही. अशा गावी मी कोरड्या गोण्या नेते, माती चिठ्ठीसह त्यात भरते आणि पुण्याला आणून धुते. टेम्पोचं भाडं जातं, सहकारी कुरकुरतात. जाऊ दे.

गावासाठीही थोडी तयारी लागते. ‘काय सापडलं?’ हे रोज विचारलं जाईल, आणि त्याच्या पोटात ‘गुप्तधन किती?’ असतं. टाळाटाळ केली की रात्री कुणीतरी ट्रेंचमध्ये पहार घेऊन उतरतं. त्यापेक्षा रविवारी खापरं मांडून सगळ्यांना बोलवा. जोर्वे पद्धतीचं तोटीचं भांडं हातात द्या, टिचकी मारून त्याचा खणखणीत आवाज ऐकवा. खापरं धुणाऱ्या मावशींना काठाचा आणि बुडाचा तुकडा तुमच्याआधी ओळखू येईल. त्यांच्याजवळ बसून शिका. सापडलेल्या वस्तूंचे फोटो ठिकाणासकट मोबाइलवर फिरवू नका, आणि एक मणीसुद्धा खिशात नाही. प्राचीन स्मारकं आणि स्थळांच्या १९५८ च्या कायद्याखालचा उत्खननाचा परवाना एका नावावर असतो, पण त्याची जोखीम सगळ्यांची असते.

शेवटचे दोन आठवडे वळवाचे. दुपारी चारला आभाळ भरून येतं आणि अर्ध्या तासात खोल ट्रेंचची विहीर होते. मातीच्या उभ्या भिंती खालून भिजून ढासळतात. मेच्या सुरुवातीलाच ट्रेंचभोवती वीतभर उंचीचा बांध घाला, जाड ताडपत्र्या आणि त्यांवर ठेवायला वाळूच्या गोण्या जवळ ठेवा. भिंतींची चित्रं शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवू नका. बुजवण्याचे दिवस आधीच धरून ठेवा: तळाशी प्लॅस्टिकचं कापड, त्यावर चालू सालचं एखादं नाणं, म्हणजे पुढे कुणी खोदलं तर आपण कुठपर्यंत आलो होतो ते त्याला कळेल. मग उपसलेली माती परत, वरची काळी माती सगळ्यात वर. शेतमालकाला शब्द दिलेला असतो मृगाच्या आधी रान मोकळं करून द्यायचा, आणि तो ७ जूनला पाभर घेऊन बांधावर उभा असतो.